त्याहून अधिक

वर्षाच्या पहिल्याच दिवशी देवानं गिरजाबाईच्या पदरात जे टाकलं, ते काही तिला पसंत पडलं नाही.

चिखलीतल्या पत्र्याच्या चर्चमध्ये एक जानेवारीची सकाळची भक्ती संपली, की पाळकसाहेब स्टीलचं ताट पुढं मांडत. ताटात रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे पालथे घातलेले. एकेका घरातल्या थोरल्या माणसानं यायचं, डोळे मिटायचे, एक तुकडा उचलायचा. त्यावर शास्त्रातलं जे वचन निघेल ते त्या घराचं वर्षाचं. कुणाला निघायचं की तुझ्या कोठारात तूट पडणार नाही, कुणाला की तुझी लेकरं रोपांसारखी वाढतील. मग वर्षभर तो तुकडा भिंतीवर, आणि आल्यागेल्याला त्याचं दर्शन.

शेजारच्या सुमनताईला निघालं, तुला मस्तक करीन, शेपूट नाही. सुमनताई तिथल्या तिथं डोक्यावरचा पदर सारखा करायला लागली.

"झालं," गिरजाबाई सुनेच्या कानाशी लागली. "आता ही नळाला पण नंबर लावायची न्हाई."

मग तिनं आपला उचलला. गिरजाबाईला अक्षरं ओळखू यायची, पण ती एकमेकांना धरून उभी राहिली की तिचा डोळा घसरायचा. तिनं तुकडा सुनेच्या, दीक्षाच्या हातात दिला. दीक्षानं वाचलं, "तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असू द्या. त्याहून अधिक ते दुष्टापासून."

"आन पुढं?"

"पुढं काही नाही आई. एवढंच आहे."

"आरं देवा. ह्यात त्यानं दिलं काय? उलट मलाच काम लावलं!"

तिनं ताटाकडं जाऊन विचारलंसुद्धा, बदलून मिळंल का म्हणून. पाळकसाहेब हसले. "वचन काय साडी आहे का गिरजाबाई, रंग आवडला नाही म्हणून परत करायला?"

दीक्षानं तो तुकडा गॅसच्या वरच्या भिंतीला चिकटवला. आणि आठ दिवसांत गिरजाबाईचं मत फिरलं. भांडी घासता घासता तिच्या डोक्यात उजेड पडला, की हे वचन देवानं तिच्याकडंच बघून लिहिलंय. सबंध चिखलीत होयला होय आणि नाहीला नाही म्हणणारं दुसरं होतं कोण? तिच्या जिभेचा मार खाल्ला नाही असं घर त्या गल्लीत नव्हतं. आजवर लोक म्हणायचे, म्हातारी फटकळ आहे. आता तिच्यामागं शास्त्र उभं राहिलं.

"दीक्षे, डाळ हाय का आंघुळीचं पानी? होय तर होय, न्हाय तर न्हाय. म्या न्हाई म्हणत, देव म्हणतोय."

दीक्षा कासारवाडीची. बाप कंपनीतून रिटायर झालेला, घर बुद्धाचं. लेकानं, विक्कीनं, कोर्टात लग्न करून तिला आणली तेव्हा गिरजाबाई महिनाभर भिंतीशी बोलत होती. पुढं निवळलं. दीक्षा रविवारी चर्चमध्ये मागच्या सतरंजीवर बसायची, पौर्णिमेला विहारात जायची. "दोन्हीकडं हजेरी लावती माझी सून," गिरजाबाई म्हणायची. "एकीकडनं खाडा पडला तर दुसरीकडनं पगार." दीक्षा ऐकून घ्यायची आणि कणीक मळायची. ती शेजारच्या खोल्यांतल्या पोरांचे डबे करत होती. त्यातलाच एक खंडू. भिंतीपलीकडची खोली गिरजाबाईनं त्याला भाड्यानं दिलेली. परभणीकडचा, तेविशीचा, हसला की हिरड्या दिसायच्या असा.

तिघांची भाकरी एकाच ठिकाणी होती. भोसरीत बबनरावाचं प्रेस शॉप, मशीननं पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचं. आधी गिरजाबाई लागली, मग तिनं विक्कीला चिकटवलं, तो झाला सुपरवायझर; मग तिनंच खंडूला नेला. बबनराव मूळचा तिथलाच शेतकरी. कंपन्या आल्या तेव्हा जमीन गेली, उरल्या तुकड्यावर त्यानं शेड घातली आणि ज्वारीच्या जागी प्रेस पेरल्या.

गिरजाबाईचं काम बर काढायचं. प्रेसखालून पत्र्याचे ब्रॅकेट सुटून येत, त्यांच्या कडांना ब्लेडसारखी बारीक धार राहायची, ती धार म्हणजे बर. चार बाया गोणपाटावर बसून कानशीनं ती घासायच्या. तळहाताला भेगा, भेगांत तेल, तेलात लोखंडाचा कीस. घरी पीठ मळलं तर पीठ काळं व्हायचं, म्हणून दीक्षा आल्यापासून तिनं पीठ मळणं सोडलं होतं. चर्चमध्ये हस्तांदोलन करायची वेळ आली की ती हात पदराखाली घ्यायची आणि वरनं म्हणायची, "नमस्कार बरा. आपल्यात असतंय का हे हाताला हात लावनं?"

तिकडं सुट्टी गुरुवारची. रविवारी सकाळी सातच्या भक्तीला जायचं, आशीर्वाद व्हायच्या आत चपला शोधायच्या आणि शेअर रिक्षात कोंबून घेऊन भोसरी गाठायची. "देवाच्या अन् बबनरावाच्या सुट्ट्या जुळत न्हाईत," ती म्हणायची.

वैशाखात शेडचा पत्रा असा तापला, की वर टाकलेलं पाणी खाली यायच्या आत उडून जायचं. पंख्याखाली वारा नव्हता, नुसती आच फिरत होती. त्याच दिवसांत चाकणच्या कंपनीची मोठी ऑर्डर आली.

खंडूच्या प्रेसला दोन बटणं होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात डायमध्ये, प्रेसच्या जबड्यात, राहत नाही. त्यासाठीच ती होती. पण त्यात वेळ जायचा. पत्रा ठेवा, हात काढा, दोन्ही बटणं दाबा, परत हात घाला, माल उचला.

सकाळी बबनराव आला. पांढरे कपडे, हातात गाडीची किल्ली. खंडूच्या मागं थोडा वेळ उभा राहिला.

"विक्की, संध्याकाळी गाडी लागनार हाय चाकणला. माल निम्मा बी न्हाई."

"ओव्हरटाइम लावतो शेठ."

"ओव्हरटाइम लावून गाडी थांबती व्हय?" बबनरावानं किल्ली बोटावर फिरवली. "दोन्ही हात बटनातच अडकवून ठेवल्यावर माल उचलनार कोन? बघ काय ते तूच. तू काय आता नवा न्हाईस." आणि तो निघून गेला. बांध म्हणाला नाही, सोड म्हणाला नाही.

गिरजाबाईच्या जिभेला चैन पडेना. तिनं कानस थांबवली. "आरं खंड्या, मशीन चालवतूस का मारुतीपुढं नवस बोलतूस? दोन्ही हात टेकून हुबा ऱ्हातोय निस्ता. माझा सासरा बी ह्याच्यापरीस चपळ व्हता, त्यो तर लकव्यानं गेला."

बाया खिदळल्या. खंडूही हिरड्या दाखवत हसला. "मावशे, तुमचा सासरा परभणीला आला असता तर आम्ही त्याला सरपंच केला असता."

विक्की हसला नाही. त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची एक काळी पट्टी कापून आणली, उजव्या हाताचं बटण दाबून धरलं आणि त्याच्यावरून पट्टीचे दोन वेढे घेऊन गाठ मारली. बटण तसंच दबलेलं राहिलं. आता एका डाव्या हाताचं काम. उजवा हात मोकळा, माल उचलायला.

गिरजाबाईनं ते पाहिलं. तिच्या गोणपाटापासून प्रेस काही लांब नव्हती. विक्कीची आणि तिची नजर भिडली.

"आय, तू बर काढ."

सबंध गल्लीला होय आणि नाही ऐकवणारी जीभ तिनं दातामागं घेतली. पोटचा पोर होता. आणि माल तर निघतच होता, खडाखड, खडाखड, मघापेक्षा दुप्पट. ती पुन्हा कानस घासायला लागली.

दुपारी जेवणं झाल्यावर उकाड्यानं डोळे जड झाले होते. ती खाली मान घालून होती. प्रेसचा आवाज तिच्या अंगात मुरलेला होता, झोपेतही तिला तो कळला असता. तो आवाज चुकला. लोखंडावर लोखंड पडायच्या ऐवजी मध्ये काहीतरी मऊ आलं.

खंडू ओरडला नाही. तो तसाच उभा होता. "मावशे," म्हणाला, "हात आलाच नाही की वर."

मग बाया किंचाळल्या. विक्की धावला, त्यानं प्रेस उलटी फिरवून वर घेतली, हात सोडवला, पुसायच्या चिंध्यांचा आख्खा गठ्ठा त्याच्यावर दाबला. चिंध्या काळ्याच होत्या, त्या आणखी काळ्या झाल्या. कुणी पाणी आणलं, कुणी टेम्पोवाल्याला हाक मारली. मधली तीन बोटं गेली होती. ती शोधायला कुणीतरी डायमध्ये वाकलं आणि बाजूला जाऊन ओकलं.

खंडूला टेम्पोत घालायच्या आधी विक्की एकदाच मागं वळला. बटणावरची पट्टी त्यानं एका झटक्यात ओढून काढली आणि बाजूला पडलेल्या आपल्या आईच्या डब्याच्या पिशवीत टाकली. बटण टक् करून वर आलं. त्यानं आईकडं पाहिलं. तिनं पिशवीकडं पाहिलं. मग टेम्पो गेला.

ती पिशवी खांद्याला लावून ती शेअर रिक्षातनं घरी आली. रोजचीच पिशवी, रोजचाच डबा, पण शेजारच्या बाईच्या मांडीला ती लागू नये म्हणून गिरजाबाई सारा रस्ता अंग चोरून बसली.

मोरीत बसून तिनं पट्टी धुतली. काळं रबर, धुतलं काय न धुतलं काय, दिसायचं काहीच नव्हतं. तरी ती दगडावर घासत राहिली. दीक्षा मागं येऊन उभी राहिली.

"आई, हे काय आहे?"

"डब्याचं हाय. झाकान ढिलं झालंय, कालवन सांडतंय, म्हून बांधायला घेतलं. त्या पंक्चरवाल्यानं दिलं. फुकाट."

दीक्षानं डब्याकडं पाहिलं. डब्याला चांगल्या घट्ट कड्या होत्या.

विक्की दिवेलागणीला आला. शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या, धुतल्या असाव्यात. तो दारातच उकिडवा बसला.

"कसा हाय?" गिरजाबाईनं विचारलं.

"जगंल." तो जमिनीकडं बघत होता. "आय, सरकारी साहेब येनार हाय तपासाला. शेठ म्हनतात, पोरगं मोबाइल बघत होतं असं समद्यांनी सांगायचं. त्यानंच हात घातला."

"त्याचा मोबाइल तर चार्जिंगला व्हता. माझ्या डोक्यावरच्या बोर्डाला."

"माहीत हाय मला!" विक्कीचा आवाज फाटला. "म्या बांधलं ना ते? शेठनी बांध म्हनून सांगितलं का? न्हाई. त्यो हात झटकून मोकळा व्हईल आन मी आत जाईन. मग घ्या तुमचं वचन भितीवरचं आन खावा."

दीक्षा तव्यावरची भाकरी तशीच ठेवून वळली. "माझ्याकडून काही म्हणवून घेऊ नका. मला बाबांनी पाच गोष्टी शिकवल्या लहानपणी, त्यातली एक खोटं न बोलायची. मी तिथं नव्हते, म्हणून गप्प बसते. असते तर बसले नसते."

"तुला कुनी इचारलंय?" गिरजाबाई म्हणाली. "भाकर करपती."

भाकर खरंच करपली होती.

तपासाचा साहेब तरणा होता. घामानं त्याचा चष्मा सारखा घसरत होता. बबनरावानं त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पुढं थंड बाटली ठेवली. एकेकाला बोलावणं चाललं होतं. बाया आत जात होत्या आणि पदराचं टोक चावत बाहेर येत होत्या. गिरजाबाई आत गेली तेव्हा विक्की दाराशी उभा होता, हाताची घडी घालून, तिच्याकडं न बघता.

"आजी, तुम्ही प्रेसच्या सगळ्यात जवळ बसता. एवढंच सांगा, एक बटण बांधून ठेवलं होतं का? हो की नाही?"

गिरजाबाईनं पदर खोचला. आणि तिचं तोंड सुटलं.

"साहेब, आता काय सांगू तुमाला. पोरगं माझ्याच खोलीत ऱ्हातंय. गुनाचं हाय, न्हाई कशाला म्हनू, पन रातभर त्या मोबाइलात. सकाळी डोळे तारवटल्याले. म्या रोज म्हनते, खंड्या, डोळं फुटतील. आन ह्यो उन्हाळा! पत्रा बगा वर, भाकर भाजंल त्याच्यावर. मानसाला झापड येतीच की. आमी बाया खाली मान घालून. ह्यो कीस बगा नखात. कुनाच्या मशिनीत काय हाय ते बगायला आमाला येळ कुटला? पोरांची घाई, मालाची घाई. आमच्या येळंला हातानं पत्रा कापायची मानसं, तवा न्हवतं असलं काई..."

त्यातला शब्द अन् शब्द खरा होता. खंडू मोबाइल बघायचा. पत्रा तापलेला होता. तिची मान खाली होती. ती बोलत राहिली आणि बोलता बोलता तिला स्वतःलाच ऐकू येत होतं, की ती त्या एका शब्दाच्या भोवती, घाण्याला जुंपल्यासारखी, नुसती फिरतेय.

साहेबानं चष्मा वर केला. "म्हणजे बांधलेलं तुम्ही पाहिलं नाही. असंच लिहितो."

गिरजाबाई म्हणाली, "आता तुमी शिकल्याली मानसं."

त्यानं लिहिलं. तिनं खाली सही केली, गि-र-जा, तीन अक्षरं, एकेक सुटं.

बाहेर येताना बबनराव दारापर्यंत आला. "गिरजाबाई, बोललात बाकी बेस."

गिरजाबाई गोणपाटावर येऊन बसली. कानस उचलली. जन्मभर या जिभेपायी तिनं शिव्या खाल्ल्या होत्या. सासूनं डाग दिला होता एकदा, भावकीनं बोलणं टाकलं होतं. कुणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, बेस. तिला वाटलं, कुणीतरी तोंडात थुंकलंय.

संध्याकाळी ती गॅसपाशी उभी राहिली. "दीक्षे, त्ये वाच."

"रोज तुम्हीच तर म्हणता."

"वरचं न्हाई. खालची ओळ."

दीक्षानं हात पुसले. "त्याहून अधिक ते दुष्टापासून."

गिरजाबाईनं त्या तुकड्यावर बोट ठेवलं. फोडणीच्या तेलानं त्याची एक कड पिवळी पडली होती. चार महिने ती वरची ओळ लोकांच्या डोक्यावर आपटत होती, खालची तिनं कधी तोंडात घेतली नव्हती. तिला वाटायचं, कुणाची डाळ पातळ, कुणाची पोर काळी, हे तोंडावर सांगितलं की झाला खरेपणा. त्यात तिचं काही जात नव्हतं. जिथं जाणार होतं तिथं तिनं गोणीभर खरं ओतलं होतं, एक शब्द दडवायला.

"आई, जेवताय ना?"

"भूक न्हाई."

खंडू दवाखान्यातनं आला तो शुक्रवारी. हाताचं बोचकं करून गळ्यात अडकवलेलं. दीक्षा त्याचा डबा त्याच्या दारात नेऊन द्यायची, झाकण काढून, भाकरीचे तुकडे करून. डाव्या हातानं तो कालवणात बुडवायचा, निम्मं अंगावर सांडायचं. एका सकाळी तो गिरजाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. शर्ट उघडा, छातीची हाडं दिसत होती. मान खाली.

"मावशे, तेवढ्या गुंड्या लावता का. दवाखान्यात जायचंय पट्टी बदलायला. एका हातानं जमंना."

तिनं गुंड्या लावल्या. खालून वर. तिची भेगाळलेली बोटं कापडाला अडकत होती. तो तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत होता, जसं पोर आईकडून कपडे घालून घेताना बघतं.

"मावशे, शेठचा माणूस आला होता. म्हणला, तू मोबाइल बघत होतास असं सगळ्यांनी लिहून दिलंय. मी म्हणलं, सगळ्यांनी दिलं असंल, आमच्या मावशीनं नसंल दिलं. ती तोंडावर बोलणारी बाई आहे." त्यानं खाली पाहिलं. "तुम्ही सांगितलं ना साहेबाला?"

वरची गुंडी राहिली होती. गिरजाबाईनं ती लावली.

"व्हय," ती म्हणाली. "सांगितलं."

तो हिरड्या दाखवून हसला आणि गेला. गिरजाबाई उंबऱ्यावरच बसली. होय तर होय. तिच्या तोंडातून होय निघालं होतं खरं. तसल्या होयपेक्षा दुष्टाची बडबड बरी.

खंडूचा बाप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. दत्तोबा. रात्रभर एसटीत उभा राहून आलेला, पायाला धूळ, खांद्यावर ज्वारीचं गाठोडं. आधी लेकाच्या खोलीत गेला. मग तो गिरजाबाईच्या दारात आला, गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि स्वतः बाहेरच बसला. दीक्षानं दिलेलं पाणी त्यानं वरून प्यायलं.

"दाने हायती. नवी ज्वारी," म्हणाला. "पोराला तुम्ही दोन घास घातले."

"वर येऊन बसा की पाहुनं."

"बरा हाय हितंच." त्यानं पागोट्यानं मान पुसली. हात कष्टाचे, नखं जाड. "ताई, एक इचारायचं होतं. पैशाचं न्हाई. भरपाई मिळंल न मिळंल, नशीब. पन आमच्या गावात सांगावा आलाय, की दत्तोबाचं पोरगं मोबाइल बघत मशिनीवर गेलं. कुनी म्हनायलंय, पिऊन गेलं. माजी बायको दारात यायना झाली. मी पोराला इचारलं तर ते म्हनतंय, मावशीला इचारा, त्या हुत्या." त्यानं मान वर केली. डोळे लेकाचेच होते. "म्हून रातची एसटी धरली. तुमी देवाधर्माच्या हाव. माज्या पोराची चूक हुती का? व्हय म्हना, न्हाय म्हना. तुमी म्हनाल ते मी घिऊन जातो."

आत गॅसपाशी दीक्षाचं लाटणं थांबलं. विक्की आतल्या खोलीत शर्ट घालत होता, त्याची पहिली शिफ्ट चुकली होती. शर्टाचा सळसळाटही थांबला.

गिरजाबाईच्या तोंडाशी सगळं आलं. उन्हाळा आला, झापड आली, मालाची घाई आली. खालची मान आली. सगळं खरं, सगळं तयार, हात जोडून उभं.

"न्हाय," ती म्हणाली.

दत्तोबा वाट बघत राहिला. पुढं काही येईल म्हणून. काही आलं नाही.

"मग?"

ती उठली. फडताळातला खिळ्यांचा डबा काढला. तळाशी ट्यूबची पट्टी होती, गाठीपाशी अजून मुरगळलेली. ती तिनं दत्तोबाच्या हातावर ठेवली.

"बटन बांधलं व्हतं ह्यानं. माझ्या पोरानं. म्या बगितलं."

दत्तोबानं पट्टी उलटी केली, सुलटी केली. शेतातल्या माणसानं साप मेलाय की जिवंत हे बघावं तशी. मग तिच्याकडं बघून त्यानं हळूच विचारलं. आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं.

"ताई, मग हे त्या साहेबापुढं कामून न्हाई बोलल्या?"

गिरजाबाईनं तोंड उघडलं. एकुलता एक पोर. सून. आयुष्यभर चोळलेले हात. घर. नवरा गेल्यापासूनचं एकेक वर्ष तिच्या जिभेवर येऊन बसलं. एवढं सांगितलं असतं तर कोणत्याही बापाला पटलं असतं. त्याला स्वतःला पोर होतंच की.

तिनं तोंड मिटलं.

दत्तोबानं मान खाली घातली. पट्टी त्यानं परत केली नाही.

"चपला घालते," गिरजाबाई म्हणाली. "साहेबाचं हापिस कुटंय ते खंडूला ठावं असंल. त्याला घ्या संगं."

विक्की बाहेर आला. शर्टाच्या निम्म्या गुंड्या लागलेल्या. तो दारात आडवा झाला, दोन्ही हात दोन्ही चौकटींना. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि तो अचानक लहान दिसायला लागला, शाळेतून मार खाऊन यायचा तसा.

"आय, कुटं निघालीस?"

ती चपलेत अंगठा घालत होती. पट्टा निसटत होता. दीक्षा खाली बसली, सासूचा पाय धरला आणि चप्पल सरकवून दिली. नवऱ्याकडं तिनं पाहिलं नाही.

"आय, ह्यानं मी आत जाईन. बबनराव न्हाई जानार, मी जाईन. तुझा पोर. कळतंय का तुला?"

गिरजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या बोटांकडं, चौकटीवर घट्ट रुतलेल्या दहाच्या दहा बोटांकडं.

"व्हय," ती म्हणाली.

आणि त्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडली.